टाकलेलं पिल्लू

डब्लिनच्या प्राणिसंग्रहालयात २०२४ मध्ये तीसेक बायका आपापली तान्ही बाळं घेऊन आल्या आणि एका ओरांगउटान मादीच्या समोर बसून त्यांना अंगावर पाजू लागल्या. मादीचं नाव मुजुर, वय एकोणीस. तिचे दिवस भरत आले होते. याआधी २०१९ आणि २०२२ मध्ये तिला पिल्लं झाली होती, पण दोन्ही दगावली, कारण पिल्लाचं करायचं काय हे तिला उमगलंच नव्हतं. या खेपेला कर्मचाऱ्यांनी आधीपासून तयारी केली. दुसऱ्या ओरांगउटान माद्यांच्या चित्रफिती तिला दाखवल्या, आणि मग या बायकांना बोलावलं.

३१ जुलैला नर पिल्लू जन्मलं. मुजुरने त्याला टाकलं नाही. छातीशी धरून बसली, जपलं. पण ते स्तनापर्यंत पोचेल असं काही तिने त्याला घेतलं नाही. वाट पाहून शेवटी कर्मचाऱ्यांनी पिल्लू काढून घेतलं, बाटलीने पाजलं, आणि पुढे त्याची रवानगी इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यातल्या ‘मंकी वर्ल्ड’ या केंद्रात झाली. अशी पिल्लं हाताने वाढवण्याचा अनुभव तिथल्या लोकांना आहे.

म्हणजे शिकवणी वाया गेली का? अर्धी गेली, अर्धी नाही. आधीच्या दोन पिल्लांच्या वेळी जे घडलं नव्हतं, त्यातलं बरंच या वेळी घडलं. मला या हकिगतीत महत्त्वाचा वाटतो तो मूळ प्रश्न. जनावराला आईपण कुठे शिकवावं लागतं, ते तर रक्तातच असतं, असं आपण धरून चालतो. गोठ्यात गाय व्याली की वासराला चाटून कोरडं करते, मांजरी पिल्लांना मानगुटीला धरून सात घरं फिरवते. त्यांना कोणी धडे दिलेले नसतात. मग या वानरकुळातल्या मादीला काय झालं?

बोर्निओ आणि सुमात्राच्या जंगलात ओरांगउटानचं पिल्लू सात-आठ वर्षं आईच्या मागे असतं. दोन बाळंतपणांत साधारण तेवढंच अंतर. त्यामुळे मोठी मुलगी स्वतःच्या वाटेला लागण्याआधी धाकट्या भावंडाला आई कशी घेते, कशी पाजते, फांदीवरून फांदीवर जाताना त्याला कुठे लटकू देते, हे सगळं हाताच्या अंतरावरून पाहते. तिथे शाळा नसते, पण शिक्षण असतं, आणि ते बरीच वर्षं चालतं. पिंजऱ्यात ही साखळी एका पिढीत तुटते. पुढच्या पिढीत तुटलेल्या साखळीची किंमत पिल्लं मोजतात.

प्राणिसंग्रहालयांना हे कळायला मात्र फार वेळ लागला. डिसेंबर १९५६ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबस प्राणिसंग्रहालयात कोलो ही गोरिला जन्मली. माणसाच्या कैदेत गोरिला जन्मण्याची ती जगातली पहिली वेळ. तिला माणसांनी वाढवलं, झबली-फ्रॉक घालून तिचे फोटो काढले, आणि ती साठ वर्षं जगून २०१७ मध्ये वारली. तीन वर्षांनी, १९५९ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे गोमा जन्मली. तिची आई आखिला प्रेमळ होती, पिल्लाला खाली ठेवायला तयार नव्हती, पण धरायची असं की पिल्लाचं तोंड दुधापर्यंत जाऊच नये. मुजुरच्या पासष्ट वर्षं आधीची ही गोष्ट, आणि अडचण अगदी तीच. संग्रहालयाचे संचालक एर्न्स्ट लांग यांनी गोमाला घरी नेऊन वाढवलं.

पण आखिलाची गोष्ट तिथे संपली नाही. १९६१ मध्ये तिला पुन्हा पिल्लू झालं, जाम्बो. या वेळी तिने त्याला बरोबर घेतलं, पाजलं, वाढवलं. कैदेत जन्मून आईच्याच अंगावर वाढलेला तो पहिला गोरिला. पहिल्या बाळंतपणात चुकलेली मादी दुसऱ्या वेळी सावरते, हे नंतर अनेक ठिकाणी दिसलं. पहिलटकरणीचं पिल्लू दगावण्याचं प्रमाण रानातही जास्त असतं. म्हणून पहिल्याच वेळी घाईघाईने ‘ही वाईट आई’ असा शिक्का मारण्यात अर्थ नसतो.

जाम्बो पुढे इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावरच्या प्राणिसंग्रहालयात गेला. १९८६ च्या ऑगस्टमध्ये तिथे पाच वर्षांचा एक मुलगा गोरिलांच्या आवारात पडला आणि बेशुद्ध झाला. जाम्बो त्याच्याजवळ आला, इतर गोरिला आणि त्या मुलाच्या मध्ये उभा राहिला, त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मुलगा शुद्धीवर येऊन रडू लागला तसा तो बाकीच्यांना घेऊन मागे हटला. एका प्रेक्षकाने ते चित्रित केलं होतं म्हणून जगाने विश्वास ठेवला.

दहा वर्षांनी, १६ ऑगस्ट १९९६ ला, शिकागोजवळच्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयात जवळजवळ तसाच प्रसंग घडला. तीन वर्षांचा मुलगा खाली पडला. बिंटी जुआ या मादीने, पाठीवर स्वतःचं पिल्लू असताना, त्याला उचललं, कडेवर घ्यावं तसं सांभाळून नेलं आणि कर्मचाऱ्यांच्या दाराशी आणून ठेवलं. वर्तमानपत्रांनी मातृहृदयाचे गोडवे गायले. थोड्याच दिवसांत दुसरी बाजू पुढे आली. बिंटी जुआला स्वतःच्या आईचं दूध पुरेसं मिळालं नव्हतं, ती माणसांच्या हातावर वाढली होती. त्यामुळे ती गाभण राहिल्यावर कर्मचाऱ्यांनी तिला कापडी बाहुली देऊन शिकवलं होतं: बाहुली अशी उचलायची, अशी छातीशी धरायची, आणि हाक मारली की आमच्याकडे आणायची. बरोबर केलं की खाऊ. मग काहींनी नाक मुरडलं. माया कसली, सवय होती ती!

मला या भांडणात कोणाचीच बाजू घ्यावीशी वाटत नाही. शिकवलेलं होतं म्हणून ते खोटं ठरतं, हा तर्कच मला कळत नाही. आपल्याकडे पहिलटकरीण माहेरी येते, तिची आई, आजी, शेजारची म्हातारी तिला बाळ कसं धरायचं, न्हाऊ कसं घालायचं हे दाखवतात. त्या मुलीची माया त्यामुळे उसनी ठरवली जात नाही. बिंटी जुआकडे माहेर नव्हतं. कर्मचाऱ्यांनी ते जमेल तसं उभं केलं.

आईविना वाढलेल्या मादीचं काय होतं, याचा सर्वांत निर्दय पुरावा विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या हॅरी हार्लो यांच्या प्रयोगशाळेतून आला. ऱ्हीसस माकडाच्या पिल्लांना जन्मतःच वेगळं करून त्यांनी दोन नकली आया दिल्या. एक उघड्या तारेची, दुधाची बाटली बसवलेली. दुसरी मऊ कापड गुंडाळलेली, पण बिनदुधाची. पिल्लं भूक लागली की तारेकडे जात आणि उरलेला सगळा वेळ कापडाला बिलगून असत. १९५८ मध्ये त्यांनी हे मांडलं तेव्हा मूल आईला चिकटतं ते दुधापायी, हा त्या काळचा समज कोसळला. पाठ्यपुस्तकं इथे थांबतात. हार्लो थांबले नाहीत. अशा एकट्या वाढलेल्या माद्यांना नराजवळ कसं जावं हेही कळेना, तेव्हा त्यांच्यावर बळजबरीने गर्भ लादला गेला. त्यासाठी केलेल्या साधनाला हार्लोंनी दिलेलं नाव इथे लिहवत नाही. या माद्या व्याल्या तेव्हा बहुतेकींनी पिल्लांकडे पाहिलं नाही, काहींनी त्यांना चावून, आपटून जखमी केलं, काही पिल्लं मेली.

त्या अहवालांतला एक भाग मात्र क्वचितच कोणी सांगतं. काही पिल्लं मार खाऊनही पुन्हा पुन्हा आईला जाऊन बिलगत राहिली, आणि त्यांच्या रेट्यापुढे काही आया नमल्या. त्यांनी पिल्लाला जवळ घेतलं. दुसऱ्या वेतात अशा माद्या बऱ्यापैकी आया झाल्या. आईच मुलाला घडवते असं नाही, मूलही आईला घडवतं.

रानात हे सगळं कसं घडतं ते सर्वांत बारकाईने पाहिलं गेलं टांझानियातल्या गोम्बेच्या जंगलात. जेन गुडॉल १९६० मध्ये तिथे पोचल्या आणि त्यांनी चिंपांझींना आकड्यांऐवजी नावं दिली. फ्लो ही त्यांच्या नोंदींतली म्हातारी, सोशिक, खेळकर आई. तिला १९६४ मध्ये फ्लिंट झाला तेव्हा थोरली मुलगी फिफी त्या बाळाभोवती सतत घुटमळायची, त्याला ओढायची, संधी मिळाली की उचलून पळायची. पुढे फिफी स्वतः उत्तम आई झाली. त्याच जंगलात पॅशन नावाची मादी होती. आपल्या मुलीशी, पॉमशी, ती तुटकपणे वागे. सत्तरच्या दशकाच्या मध्यात या मायलेकींनी मिळून टोळीतल्या इतर माद्यांची तान्ही पिल्लं हिसकावून मारली आणि खाल्ली. हे लिहिताना गुडॉल यांना किती जड गेलं असेल! वन्य म्हणजे निष्पाप, कैद म्हणजे विकृत, अशी सोयीची वाटणी तिथेच मोडते.

आणि चांगल्या आईचंही सगळं चांगलं होतं असं नाही. फ्लो थकली होती. फ्लिंटचं दूध तोडण्याइतकी ताकद तिच्यात उरली नव्हती. आठ वर्षांचा घोडा झाला तरी तो तिच्या पाठीवर बसे, तिच्या घरट्यात झोपे. १९७२ मध्ये फ्लो मेली. फ्लिंटने खाणं सोडलं, तिचा देह पडला होता त्या जागेभोवती रेंगाळत राहिला आणि महिनाभराच्या आत तोही गेला.

आपल्या ओळखीच्या वानरांकडे पाहिलं तर चित्र आणखी गुंतागुंतीचं होतं. काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं वानर आपल्याला देवळाच्या शिखरावर, कौलांवर, घाटातल्या कठड्यावर भेटतं. त्याचं नवजात पिल्लू काळपट असतं, आणि टोळीतल्या सगळ्या माद्या त्याच्यासाठी हात पुढे करतात. वानरी हे पिल्लू जन्मल्याच्या पहिल्या दिवसापासून दुसरीकडे देते, निवांत पाला खाते आणि मग परत घेते. तरण्या, अजून न व्यालेल्या माद्यांना पिल्लू घ्यायची सर्वांत हौस. त्या त्याला उलटंपालटं धरतात, कंटाळल्या की खाली ठेवून देतात. पिल्लाला त्रास होतो, पण तरणीचा हात बसतो.

याच वानरांच्या टोळीत नवा नर शिरला की तो तान्ही पिल्लं मारतो. जपानचे युकिमारू सुगियामा यांनी हे साठच्या दशकाच्या सुरुवातीला धारवाडजवळ पाहिलं. पुढे जोधपूरला एस. एम. मोहनोत यांनी नोंदवलं. सत्तरच्या दशकात अमेरिकेच्या सारा ब्लाफर हर्डी अबूच्या डोंगरावर येऊन राहिल्या. येताना त्यांची कल्पना अशी होती की गर्दीमुळे, माणसांच्या खाऊमुळे ही माकडं बिथरत असावीत. तिथे पाहिलं ते वेगळंच. नर ठरावीक वेळी, टोळीचा ताबा घेतल्यावरच मारत होते, आणि मारत होते ती दुसऱ्या नराची पिल्लं. दूध आटलं की मादी लवकर माजावर येते, नव्या नराला स्वतःची पिल्लं मिळतात. माद्याही मुकाट बसत नव्हत्या. काही आधीच गाभण असताना नव्या नराशी जुगत, म्हणजे होणारं पिल्लू आपलंच असं त्याला वाटावं. या मांडणीवर त्या काळी बरीच टीका झाली. माकडांच्या समाजात असलं राजकारण बघणं अनेकांना रुचलं नाही. पुढे सिंहांत, इतर अनेक प्राण्यांत तेच आढळलं. गीरच्या सिंहिणी एकमेकांचे वैरी असलेल्या नरांशी मुद्दाम संबंध ठेवतात, म्हणजे कोणीच त्यांच्या छाव्यांना हात लावत नाही, हे तिथल्या दीर्घकालीन अभ्यासातून समोर आलं आहे. आपल्या ताडोब्यात पांढरपौनीची माया वाघीण हजारो पर्यटकांनी पाहिली. तिची कित्येक पिल्लं नरांनी मारली, आणि पिल्लं सोबत असतानाही ती नरांशी लगट करताना दिसली. जिप्सीतल्या लोकांनी तिला नावं ठेवली. ती नरांना पिल्लांपासून दूर ठेवत होती, असं अभ्यासक म्हणतात. ऑगस्ट २०२३ नंतर माया दिसली नाही.

आता पिंजऱ्याकडे परत येऊ, कारण तिथे एखाद्या आईची गरज अगदी उलट दिशेचीही असते. ओरांगउटानला सोबत हवी, ध्रुवीय अस्वलाला एकांत. अस्वलीण हिवाळ्याच्या तोंडावर बर्फात गुहा खणते, आत व्यते, आणि महिनोन्‌महिने काही न खाता अंधारात पिल्लांना पाजते. माणूस तर सोडाच, स्वतःचा नरही तिला जवळ चालत नाही. प्राणिसंग्रहालयात हा अंधार आणि ही शांतता बांधून द्यावी लागते, आणि त्यात जरा चूक झाली की भोगावं लागतं.

बर्लिनला ५ डिसेंबर २००६ रोजी टोस्का या अस्वलिणीने दोन पिल्लं टाकली. एक मेलं. दुसऱ्याला, क्नूटला, थॉमस ड्योर्फलाइन या रखवालदाराने वाढवलं. तो त्याच्या पेटीशेजारी झोपायचा, बाटलीने पाजायचा, गिटार वाजवून दाखवायचा. क्नूट जगभर गाजला, त्याची खेळणी विकली गेली. अशा पिल्लाला मरू द्यायला हवं होतं, असं म्हणणारेही होते, आणि त्यांच्यावर लोक तुटून पडले. त्यानंतर वर्षभराने न्यूरेंबर्गला उलटा प्रयोग झाला. तिथल्या संग्रहालयाने ठरवलं, आपण मध्ये पडायचं नाही. व्हिल्मा या अस्वलिणीची पिल्लं नाहीशी झाली; तिनेच ती खाल्ली असावीत. मग दुसरी, व्हेरा, आपलं पिल्लू तोंडात धरून अस्वस्थपणे आवारात फिरू लागली, त्याला खाली टाकू लागली. लोकांचा संताप इतका झाला की जानेवारी २००८ मध्ये ते पिल्लू काढून घेतलं गेलं. त्या पिल्लाचं नाव ठेवलं फ्लोके.

अस्वलीण पिल्लं खाते तेव्हा तिच्यात काही बिघडलेलं असेलच असं नाही. आजारी, अशक्त किंवा जगण्याची आशा नसलेलं पिल्लू पोटात परत घेणं हा कित्येक मांसाहारी माद्यांचा रिवाज आहे. मांजरी, कुत्री, डुकरीण पाळलेल्या घरांना हे ठाऊक असतं. घाबरलेली, सतत उजेडात आणि आवाजात असलेली मादी हाच निर्णय चुकीच्या वेळी घेते. क्नूटचा ड्योर्फलाइन २००८ मध्ये चव्वेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने गेला. क्नूट १९ मार्च २०११ ला प्रेक्षकांच्या देखत झटके येऊन पाण्यात पडला आणि बुडाला. मेंदूला सूज आली होती. तिचा नेमका प्रकार कळायला आणखी चार वर्षं लागली.

जन्माचा तमाशा करायची खोड जर्मनांचीच आहे असं नाही. भायखळ्याच्या राणीच्या बागेत १५ ऑगस्ट २०१८ ला हम्बोल्ट पेंग्विनचं पिल्लू अंड्यातून बाहेर आलं. भारतात जन्मलेलं पहिलं. स्वातंत्र्यदिनाचा मुहूर्त, मग काय विचारता! आठवडाभरात ते गेलं. पोटातलं पीतक शोषलं गेलं नव्हतं, यकृतात दोष होता. आई-बाप दोघांचीही ही पहिली वेळ. पेंग्विनांत अंडं उबवण्यापासून भरवण्यापर्यंत सगळं दोघं पाळीपाळीने करतात. त्याच जोडीचं ऑस्कर हे पिल्लू ऑगस्ट २०२१ मध्ये झालं आणि जगलं. त्याचा गाजावाजा पहिल्याच्या मानाने कमीच झाला.

माणसाने आईची जागा घ्यायची ठरवली तर काय होतं, हे केनियात डेफ्नी शेल्ड्रिक वर्षानुवर्षं भोगून शिकल्या. हत्तीच्या दूधपित्या पिल्लाला गायीचं दूध पचत नाही. पुष्कळ पिल्लं गमावल्यावर त्यांना उपाय सापडला तो खोबरेल तेलाचा. हत्तिणीच्या दुधातल्या चरबीला तेच सर्वांत जवळचं निघालं. आयेशा नावाचं पिल्लू त्यावर तगलं, वाढलं. १९७४ मध्ये मुलीच्या लग्नासाठी शेल्ड्रिक काही दिवस बाहेर गेल्या. आयेशाने खाणं टाकलं आणि ती मेली. दूध होतं, माणसं होती, फक्त ‘ती’ नव्हती. तेव्हापासून त्यांच्या अनाथालयात एक पिल्लू एका माणसाला चिकटू दिलं जात नाही. रखवालदार रोज रात्री आळीपाळीने वेगवेगळ्या पिल्लांशेजारी झोपतात. हत्तींच्या कळपातही पिल्लाला आईखेरीज मावश्या, बहिणी, आज्या असतातच. शेल्ड्रिकनी कळपाचीच रीत उचलली.

आपल्याकडे कुनोच्या चित्त्यांत नुकतंच काय घडलं पाहा. नामिबियाहून आणलेल्या ज्वालाला मार्च २०२३ मध्ये चार पिल्लं झाली. मेच्या रखरखाटात तीन मेली. चौथ्या, मादी पिल्लाला उपचारासाठी वेगळं केलं, ते बरं झालं, पण नंतर ज्वालाने त्याला जवळ केलं नाही. तिला माणसांनी वाढवलं, शिकार करायला शिकू दिलं, नाव ठेवलं मुखी. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुखीला पाच पिल्लं झाली.

ज्वालाने पिल्लू का नाकारलं? इथे आपल्याकडचा एक जुना समज हजर होतो: माणसाचा हात लागला, वास लागला, की आई पिल्लाला घेत नाही. चिमणीपासून बिबट्यापर्यंत सगळ्यांना तो लावला जातो. वासाचं महत्त्व खरं आहे. व्याल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत मेंढी आपल्या कोकराचा वास मनात पक्का करते आणि दुसऱ्याचं कोकरू ढुशा देऊन हाकलते. मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे उभं करण्याची रीत आपल्या शेतकऱ्यांना पूर्वापार माहीत आहे. ती त्याला हुंगते, चाटते आणि पान्हा सोडते. पण वास ही आईला पटवणारी एक खूण असते. तिच्यावर माणसाचा वास चढला म्हणून खालची खूण पुसली जात नाही. ज्वालाच्या बाबतीत मध्ये गेला तो काळ. दुरावा लांबला, दूध आटलं, की परतीची वाट बंद होते.

खुणांवर चालणारं हे आईपण किती मोकळं असू शकतं, याचं उदाहरणही गीरमधलंच. २०१८ च्या डिसेंबरच्या सुमारास तिथली एक सिंहीण आपल्या छाव्यांबरोबर बिबट्याचं एक पिल्लू घेऊन फिरताना अभ्यासकांना दिसली. सिंह आणि बिबट्या म्हणजे हाडवैरी, दिसेल तिथे मारायचं. हिने त्याला दीडेक महिना दूध पाजलं, शिकार खाऊ दिली, छावे त्याच्याशी खेळले. ते पिल्लू जन्मजात हर्नियाने मेलं. सिंहिणीने त्याला शेवटपर्यंत दूर लोटलं नव्हतं.

माणसाच्या वासाचा तो समज किती पोकळ आहे, ते जगात कुठे सिद्ध झालं असेल तर पुणे जिल्ह्यातल्या उसात. दिवाळी उलटली की गळीत हंगाम सुरू होतो. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत ऊसतोड टोळ्या फडात शिरतात. वर्षभर उभा असलेला ऊस म्हणजे बिबट्याच्या मादीला पाणी, सावली, आडोसा आणि आसपास कुत्री-डुकरं. ती तिथेच व्यते. कोयता चालता चालता पाचटात दोन-तीन पिल्लं सापडतात. आई शिकारीला गेलेली असते, किंवा चार सऱ्या पलीकडे दबा धरून असते. लोकांना मात्र वाटतं, टाकून गेली. मग पिल्लं मांडीवर येतात, मोबाईलवर फोटो निघतात, कोणी दूध आणतं.

पूर्वी ही पिल्लं उचलून नेली जात. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात माणसांवर हल्ले वाढले, पिंजरे लावून बिबटे धरले गेले, दूरच्या जंगलांत सोडले गेले. त्याने प्रश्न सुटला नाही, सोडलेल्या जागी नवा उभा राहिला, हे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. पिल्लं हरवलेली मादी त्याच शेतांभोवती घिरट्या घालत राहते, हे गावकऱ्यांनाही कळत गेलं. आता रीत बदलली आहे. वनरक्षक येतात, तोड तेवढ्यापुरती थांबवतात. माणिकडोहच्या बिबट निवारण केंद्रातले डॉक्टर पिल्लं तपासतात, नर-मादी पाहतात, कातडीखाली ओळखीची चिप बसवतात. संध्याकाळी नारायणगावच्या टोमॅटो बाजारात दिसतो तसल्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये पिल्लं ठेवून तो क्रेट सापडल्या जागीच मांडतात. शेजारी कॅमेरा. माणसं लांब जातात.

कॅमेऱ्यांत जे येतं ते आता मराठी वृत्तवाहिन्यांवर सगळ्यांनी पाहिलंय. अंधार पडल्यावर मादी येते, थांबते, चारी बाजू हुंगते. क्रेट पंजाने कलंडवते. एक पिल्लू मानेला धरून निघून जाते, थोड्या वेळाने दुसऱ्यासाठी परतते. दिवसभर पाच-पन्नास हातांतून फिरलेलं, औषधाचा वास मारणारं, सुई टोचलेलं पिल्लू ती निमूट घेऊन जाते. कधी पहिल्या रात्री येत नाही, दुसऱ्या रात्री येते. म्हणून जागा बदलायची नाही आणि धीर सोडायचा नाही, एवढंच पथ्य.

ती आलीच नाही, तर पिल्लू माणिकडोहला जातं आणि बहुधा जन्मभर तिथेच राहतं. दोन वर्षांच्या आसपास आईपासून सुटणारं हे जनावर तेवढ्या काळात शिकार, लपणं आणि माणसाला टाळणं शिकतं. यातलं तिसरं कोणताही रखवालदार त्याला शिकवू शकत नाही, कारण तो स्वतःच माणूस.

या सगळ्याला दुसरी बाजू आहे आणि ती शहरात बसून विसरणं सोपं जातं. क्रेट मांडला जातो त्या शिवारात लोकांची लेकरं बिबट्याने नेलेली आहेत. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यात लागोपाठ बळी गेले, रस्ते अडवले गेले, नरभक्षक ठरवलेला बिबट्या मारला गेला, आणि माद्यांना गर्भनिरोधक लस देण्याचा प्रस्ताव जुन्नरसाठी पुढे आला. उसाच्या मुळाशी वसलेल्या बिबट्यांची संख्या आवरायला हवी, यात मला शंका नाही. आईकडे पिल्लू परत देणं आणि तिला पुढचं पिल्लू होऊ न देणं, दोन्ही कामं एकाच वनखात्याला, बहुधा एकाच गावात करावी लागतील. ज्या शेतकऱ्याची मुलगी सकाळी त्याच बांधावरून शाळेत जाते, त्याला रात्री क्रेट ठेवू द्या म्हणून सांगणारा वनरक्षक कोणत्या तोंडाने सांगत असेल, हा प्रश्न मला अजूनही पडतो. तरी तो सांगतो, आणि बहुतेक वेळा शेतकरी मान्य करतो. पिल्लं नेली की मादी शांत होते आणि शिवार सोडते, हा त्याचा स्वतःचा अनुभव असतो.

यंदाही टोळ्या फडात उतरतील. पाचटात पिल्लं दिसली तर उचलू नयेत, दूध पाजू नये, तोड थांबवून मागे व्हावं आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं. रानमांजराची पिल्लंही लहानपणी बरीचशी तशीच दिसतात. त्यांच्याही बाबतीत हेच करायचं.